भिशी लागली त्या वर्षी

मार्चमध्ये चिठ्ठी माझ्या नावाची निघाली.
एक लाख, वर रोहिदासच्या बोनसमधले चाळीस हजार,
आणि लग्नाला पंधरा वर्षं झालेली.
म्हटलं, बेट.
नारळ पाण्यावर वाकलेला,
पाणी असं की पायाची नखं दिसली पाहिजेत.

रोहिदास न्हाव्याच्या बंदरात कंटेनर मोजतो.
त्याला बेटं पाठ आहेत, आकड्यांनी.
मालदीव म्हटल्यावर हसलाच :
तिथे पिकतं काय? वाळू.
कांदा इथून जातो, बटाटा इथून, अंडीसुद्धा.
आपलाच कांदा डॉलर मोजून खायचा,
तोही पाण्यात खांब रोवलेल्या झोपडीत?
तशा झोपड्या आपल्या मिठागरावर होत्या,
कुणी फोटो नाही काढला.

मग मी वही घेतली,
दुधाच्या हिशेबाची, मागच्या पानापासून.
बाली : तिकीट स्वस्त वाटतं, बॅग वजनाला घातली की नाही.
फुकेत : मंदावहिनी जाऊन आल्या,
आठवडाभर मॅगी खाल्ली आणि गर्दीचे फोटो आणले.
लक्षद्वीप : परवाना, जहाज, पुन्हा परवाना,
तोवर लेकीची शाळा सुरू.
श्रीलंका :
मी लिहिणार तेवढ्यात प्रांजल म्हणाली,
बेटावर उभं राहिल्यावर ते बेट आहे हे कळलं पाहिजे.
वय वर्षं बारा. तिचं ऐकलं.

राहिलं अंदमान, त्यातलं नील.
पाच रात्री. पंखा की एसी, दोन दिवस वाद;
तीन रात्री एसी ठरला.
समुद्राकडे तोंड असलेली खोली हजाराने महाग.
मागची घेतली, मधे केळी, चालत चार मिनिटं.
तो आपल्याकडे बघत बसेल म्हणून रात्रीचे हजार?
रात्री तर काळाच दिसतो.
पाण्याखाली उतरायचे पैसे मात्र ठेवले, तिघांचे.
मासे मी पाटीत पाहिलेत, विळीवर, कालवणात.
त्यांच्या घरी कधी गेले नाही.

दादांना सांगितलं.
ते पुनर्वसनाच्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर,
गॅलरीत बसून जाळं विणतात,
हल्ली क्रिकेटच्या टर्फवाल्यांसाठी.
मान वर न करता म्हणाले,
दर्या बगाला पैसं कनाला?

मी काही बोलले नाही.
गावात उधाणाला पाणी आमच्या मोरीतून वर यायचं,
निवट्या उड्या मारत पायरीपर्यंत.
तेव्हा तो बघायचा नसे,
फडक्याने पुसायचा असे.

तिकीट रात्री साडेअकराला काढलं,
तेव्हा भाव उतरतो असं प्रांजलचं म्हणणं.
निघायचं ठिकाण निवडा, असं आलं.
मुंबई तीनशेने स्वस्त होती.
मी नवी मुंबई दाबलं.
रोहिदासने स्क्रीनकडे पाहिलं, मग माझ्याकडे,
आणि पहिल्यांदाच आकडा नाही विचारला.

त्या धावपट्टीखाली कुठेतरी
आईची चूल आहे, शेवग्याचं खोड,
सातवीत हरवलेलं माझं एक पैंजण.
कुठे ते नेमकं नाही सांगता येत.
डोंगर कापून भराव टाकला,
आणि खुणेला आमच्याकडे तोच डोंगर होता.

खिडकीचे साडेतीनशे जादा.
म्हटलं, घे.
कुठली बाजू, त्याने विचारलं.
मी हाताने दिशा करून पाहिली, खोलीतल्या खोलीत फिरले,
कपाटाकडे खाडी धरली, दाराकडे देऊळ.
नाही जमलं.
तो म्हणाला, विमान कुठल्या तोंडाने उडेल
ते त्या दिवशीच्या वाऱ्यावर असतं.

मग दोन घेतल्या.
डावीकडे मी,
उजवीकडे तो आणि प्रांजल.

सातशे रुपये कुठे लिहायचे कळेना.
प्रवासात बसेनात, चैनीत तर नाहीच.
वही उलटी केली,
आणि दुधाच्या पानावर मांडून ठेवले.