नावाची जागा

गुंडाळ्या मी आधीच लिहून ठेवतो.
नदीचा पूर ओसरेपर्यंत दुसरं काम नसतं
आणि मरणारे सांगून मरत नाहीत.
फक्त नावाची जागा कोरी सोडतो,
चार बोटं रुंद, प्रत्येक मंत्रात.
लांबलचक नावांची माणसं मला आवडत नाहीत.

खरं सांगायचं तर ओळीही गाळतो.
ज्यानं फार घासाघीस केली
त्याला सापांवरचा मंत्र अर्धाच मिळतो.
धान्याच्या एका कारकुनाला तर
एकच पान दोनदा लिहून दिलं.
मेलेलं गिऱ्हाईक तक्रार घेऊन परत येत नाही.
आलंच, तर माझा धंदा वाढेल.

वेबखेत आली भर उन्हात,
परटीण, हात कोपरापर्यंत खारानं सोललेले.
काखेत बदक, तीन जुड्या कांदे,
आणि जवसाच्या सुताची एक धुवट चादर,
कुणाची, ते मी विचारलं नाही.
नवऱ्याला घाटावरून मगरीनं नेलं होतं.
पुरायला काही उरलं नव्हतं.
"मोगरी आहे त्याची," ती म्हणाली,
"तिलाच पट्ट्या गुंडाळल्यात,
तोंडाच्या बाजूला जरा तेल लावलंय."

चित्रं नसलेली, सगळ्यांत स्वस्त गुंडाळी मी काढली.
"वाचून दाखवा," म्हणाली.
असं कुणी म्हणत नाही.
मी वाचू लागलो, भाजीचे भाव सांगावेत तसं:
चोरी केली नाही.
लेकराच्या तोंडचं दूध तोडलं नाही.
वाहतं पाणी अडवलं नाही.

"थांबा.
अडवलं होतं त्यानं.
पूर कमी आला त्या वर्षी, रात्री, चिखलाचा बांध घालून.
चुलत्याचं जवस उभ्याउभ्या वाळलं.
दिवा मी धरला होता."

मी समजावलं.
सगळेच नाही म्हणतात, बाई.
राजे म्हणतात, राजांचे न्हावी म्हणतात.
समोर बेचाळीस जण बसलेले असतात,
एका पारड्यात काळीज, दुसऱ्यात पीस,
आणि काळजानं ऐन वेळी तोंड उघडू नये
म्हणून वेगळा मंत्र आहे,
त्याचे कांदे वेगळे पडतील.

ती म्हणाली, "त्याला खोटं बोलता येत नाही हो.
कानाच्या पाळ्या लाल होतात.
माझ्या एकटीसमोर व्हायच्या,
बेचाळीस जणांपुढे काय होईल?"

बदक खोकल्यासारखं ओरडलं.
आमच्या लिपीत 'नाही' म्हणजे
दोन हात, दोन्हीकडे पसरलेले,
तळवे रिकामे.
मी अंगठा जिभेला लावला
आणि त्या ओळीतले हात पुसून टाकले.
उरलं ते एवढंच:
वाहतं पाणी अडवलं.

तिनं ओली जागा नुसती बघितली,
तिला अक्षर येत नव्हतं.
मी बोरू बुडवला. नाव?
इपी.
दोन फटकाऱ्यांत संपलं.
चार बोटांतली तीन बोटं कोरीच राहिली.

"एवढी जागा उरली," ती म्हणाली,
"तर माझंही घाला तिथं.
दिवा मी धरला होता."

जिवंत माणसाचं नाव मी कधी लिहिलं नव्हतं.
अक्षर जरा थरथरलं, पण गचडी झाली नाही.
बदक मी ठेवून घेतलं. चादर परत दिली.

रात्री माझी स्वतःची गुंडाळी काढली,
वीस पुरांपूर्वी लिहिलेली, चित्रांसकट,
एक ओळ न गाळता.
नाव तेवढं घालायचं राहिलंय.
मी माप कमी दिलं नाही,
इथपर्यंत आलो, आणि कानांना हात लावून पाहिला.

अंगठ्याची काजळी चार दिवस गेली नाही.
कशानं जाते,
ते तिला विचारायला हवं होतं.