चार दिवस वेगळी

सीपीआरच्या ड्रेसिंग रूममधली रात्रपाळी उतरून
शिवाजी पेठेतल्या आमच्या गच्चीवर आले
तर एका लावीच्या टाळूवर
रुपयाएवढी जागा उघडी.
कातडी मागे सरकलेली, मोज्याची कड सरकावी तशी.
हात धुतलेलेच होते. पुन्हा धुतले.

सहा पक्षी. पाच माद्या, एक नर.
इलाही शिकलगारनं लक्ष्मीपुरीतनं
बुटाच्या खोक्याला भोकं पाडून आणून दिलेले.
"घ्या सिस्टर, गरीब जात हाय,
कोंबडीवानी भांडत न्हाई."

गरीब जात.
इलाही, तीस वर्षं मी डोक्यांना टाके घालते आहे,
आणि प्रत्येक डोक्यासोबत आलेला माणूस
हेच सांगतो, की तसा गरीब आहे हो तो.

जखमेला जांभळं औषध लावलं.
लाल दिसलं की बाकीचे पुन्हा तिथंच टोचतात,
हे मला कुणी शिकवलं नव्हतं,
पण ऐकून नवल वाटलं नाही.

खालच्या मजल्यावरच्या चौगुलेवहिनी म्हणाल्या,
"नराचंच काम. काढा त्याला भाईर."
काढला. दोन दिवस एकटा ओरडत बसला बिचारा,
आणि इकडे तिसऱ्या सकाळी
दुसऱ्या एका लावीची मान सोललेली.

मग मी कामाला लागले.
दाण्याची वाटी एक होती, दोन केल्या,
या टोकाला एक, त्या टोकाला एक.
अर्ध्या पिंजऱ्यावर गुळाचं रिकामं पोतं टाकलं.
दचकली की सरळ वर उडतात, डोकं आपटून घेतात,
म्हणून छताला आतून जुन्या साडीची झोळी.
एका परातीत वाळू, लोळायला.
आणि पाडलेल्या घराची चार कौलं,
तिरकी, एकमेकांना टेकून.
पळणाऱ्याला नुसतं पळून भागत नाही.
दिसेनासं व्हायला जागा लागते.

तरी कोण, ते कळत नव्हतं.
सुट्टीच्या दिवशी पहाटे पाण्याच्या टाकीमागे
स्टूल टाकून बसले, शाल घेऊन.
तालमीतून शड्डूचा आवाज येत होता.

ती निघाली.
ठिपक्याठिपक्यांची, सगळ्यात गुबगुबीत,
रोज अंडं देणारी,
माझ्या तळहातावरून राळं खाणारी.
जिला मी "माझी" म्हणायचे, ती.
काही कारण नव्हतं. दाणा होता, पाणी होतं.
चालत गेली, टोचली, परत येऊन पिसं साफ करत बसली.

डालग्याखाली घातली तिला. चार दिवस.
राग आला होता, खोटं कशाला बोलू.
डालगं उचलून आत बघितलं की
ती वर बघायची, तळहात शोधत.

एकोणनव्वद साली नर्सिंगच्या हॉस्टेलात
आमच्या खोलीत आठ खाटा होत्या, आणि एकही आडोसा नव्हता.
गडहिंग्लजकडची अनसूया गुरव,
तिच्या बोलण्यातला कानडी हेल
मी जेवताना काढून दाखवायचे. सगळ्या हसायच्या.
मी चांगली मुलगी होते. वॉर्डनची लाडकी.
फेब्रुवारीत ती ट्रेनिंग सोडून गेली
तेव्हा तिच्या रिकाम्या खाटेवर
मी माझी ट्रंक ठेवली. जागा झाली म्हणून.

पाचव्या रात्री ठिपकेवालीला आत सोडली.
अंधारातच सोडायची,
म्हणजे सकाळी सगळ्या एकत्र उठतात
आणि जी राज्य करत होती
ती नवखी असते.

उजाडल्यावर ती वाळूच्या कडेला उभी होती, अंग चोरून.
जांभळ्या टाळूची दाणे टिपत तिच्यापर्यंत आली,
थांबली.
मी श्वास धरून.
मग दोघी दोन वाट्यांकडे गेल्या.

आज इतकंच झालंय. उद्याचं माहीत नाही.
नराला अजून परत सोडायचाय.
आणि मला वाटतं, पाचवं कौल लागेल.