तलावात पडलेली खूण

चाळीस वर्षं मी भिंती लिहिल्या.
खत, बियाणं, विडी, चहापत्ती,
निवडणुकीत म्हणाल तो रंग,
आणि शाळेच्या कुंपणावर फुकटात एक सुविचार.
पैसे अक्षरामागे. जोडाक्षराचे वेगळे नाही घेतले कधी.
घ्यायला हवे होते.

पौर्णिमा नन्नावरेनं मिरची-कांडप टाकलं
तेव्हा मी मनात धरलं, निदान दोन भिंती:
एक बसथांब्याची, एक सोसायटीच्या गोदामाची.
ती आली, ओट्यावर बसली.
तिच्या पदराचाच ठसका लागतो, मी शिंकलो.
म्हणाली, "भिंत नको जी काका.
भिंत पाह्यते कोण? तीच माणसं, तेच बैल.
मले फोनात पाह्यजे."

फोनात म्हणजे फुकटात.
वर झालर, खाली जोडलेले हात,
बोटं फाकवली की अक्षर फुगतं.
व्हॉट्सॲपवर म्हणे दुकान मांडता येते,
पाव किलो, अर्धा किलो, फोटोखाली भाव.
भाडं नाही, शटर नाही, तेवढा महिन्याचा रिचार्ज.
मी चष्मा पुसून पाहिलं.
'अस्सल'मधला एक स
पाय मोडून वेगळा उभा होता,
लग्नात न बोलावलेल्या भावासारखा.
म्हटलं, हे असं नाही धाडायचं, बाई.
फुकट असलं म्हणून काय झालं?

मग गोठ्यामागचा पत्रा काढला,
पांढरा मारला, दोन दिवस वाळू दिला,
तिसऱ्या दिवशी लाल.
स ला स टेकवला, असा की वारा जाणार नाही.
चारच्या उन्हात तिनं फोटो घेतला,
कोपऱ्यात माझा अंगठा आला.
"राहू द्या," म्हणाली, "तुमची सही."
बापानं जन्मभर अंगठाच उठवला, तलाठ्यासमोर.
माझा वर्ध्याला गेला, नागपूरला गेला,
पुण्यात कुणाच्या तरी सुनेच्या फोनात आहे.

नकाशावरही दुकान टाकलं तिच्या भाच्यानं,
तेही फुकट.
खूण पडली तलावात.
भर दुपारी स्कूटरवाला पाळीवर उभा,
फोनवर ओरडतो, "मॅडम, समोर पाणी आहे!"
"पाण्याकडे पाठ करा जी," ती म्हणते,
एका हातात चाळणी,
"आता सरळ या."

खूण हलवायला अकरा दिवस लागले.
रोज उघडून पाहायची: तपासणी सुरू आहे.
कोण तपासतो, कुठे बसून, मोहखेडीत तर कुणी आलं नाही.
तेवढ्यात मी तलावाच्या दगडावर बाण काढला,
'कांडप इकडे'.
तिनं पन्नास रुपये दिले आणि अर्धा किलो भिवापुरी.

एका गिऱ्हाइकानं एकच तारा दिला.
कारण लिहिलं: फार तिखट.
अर्धा तास ती उत्तर लिहीत बसली,
खोडलं, लिहिलं, खोडलं.
शेवटी गेलं ते इतकंच:
मिरची आहे जी.
त्या आठवड्यात सतरा पाकिटं जास्त गेली,
आता त्याचं नाव ती आदरानं घेते.

आता कुंडीवाला येतो, बांगड्यावाली येते,
पोटरेचा पोरगा येतो, त्याच्या शेळ्या आहेत.
पत्रा तोच.
फोटो झाला की पांढरा मारतो, पुढचं लिहितो.
थर चढून तो जड झालाय, एकट्याला उचलत नाही.
भिंतीवरचं नाव पाच वर्षं टिकायचं,
ह्या पत्र्यावर दोन दिवस.
संध्याकाळी ऊन तिरपं पडलं
की शेळ्यांखालून बांगड्या उमटतात,
बांगड्यांखालून कुंड्या,
आणि अगदी तळाशी, हात लावला तर लागतात,
ते दोन स.

खूण आता बरोबर जागी आहे.
दगडावरचा बाण मी पुसला नाही.
म्हशींमागची पोरं त्याच्यावर उभी राहतात
आणि बाणाच्या उलट दिशेला
उड्या मारतात.