पाऊण तास उशिरा

एकतीस डिसेंबरला मी मशेरीची डबी
खाडीत फेकायचे.
दर वर्षी. नऊ डब्या झाल्या.
गावखडीच्या पुलाखाली कुठेतरी
माझे नऊ निश्चय गंजत पडले असतील,
त्यांच्यावर कालवं धरली असतील.

तीन तारखेला, फार तर पाच,
बेंडखळ्यांच्या दुकानात उभी राहून
"पाहुणीला हवीय" असं काहीतरी पुटपुटायचे,
आणि तोही डबी कागदात बांधून द्यायचा
आजाऱ्याचं औषध द्यावं तशी.
पतसंस्थेच्या कॅलेंडरवर
एक, दोन, तीनला लाल फुली,
पुढे वर्षभर नुसता दुधाचा हिशोब.

मागच्या एकतीसला डबी घेऊन पुलाकडे निघाले होते.
पलीकडच्या रिसॉर्टवर
दहा, नऊ, आठ, उलटे मोजत होते,
आणि अलीकडे दाऊद होडेकर
लुंगी खोचून, बॅटरी घेऊन
खाजणाच्या बांधावरून चालला होता,
एकटाच, वाकून,
हरवलेलं नाणं शोधावं तसा.

कुर्ल्या बांध पोखरतात.
ओहोटीला उघाडीपासून निघायचं,
भोक दिसलं की मूठभर चिखल,
वरून टाच.
पुढचं भोक.
एकतीस वर्षं हेच.

"रोज किती वाजता निघता, चाचा?"
"पाण्याला विचार," म्हणाला.
"आज बारा. उद्या पाऊण. परवा दीड."

मी इतकी वर्षं पहाटे पाचचा गजर लावत आले.
पाचला उठेन, चालेन, हरिपाठ म्हणेन,
सहापर्यंत नवी बाई होईन.
गजर वाजायचा, नवी बाई कूस बदलायची.

त्या रात्री का कोण जाणे, पदर खोचला
आणि त्याच्या मागून उतरले.
गाळ बर्फासारखा गार.
मशेरी लावायचं माझं बोट
मुळापर्यंत चिखलात.
डबी फेकायची राहून गेली,
हात रिकामा नव्हता.

दुसऱ्या दिवशी पाऊण वाजता गेले, दुपारच्या.
मग दीड.
घरी येऊन नखांतला गाळ काढेपर्यंत
तलफ दारात येऊन, वाट बघून,
निघून गेलेली असायची.
रोज नाही.
काही दिवस माझ्याआधीच
बांधावर पाय सोडून बसलेली असायची.

शिमग्यात पालखी आली, मुंबईचे सगळे आले,
चार दिवस मी बांधाकडे फिरकले नाही.
पाचव्या रात्री फळीवरची डबी उघडली.
लावली.
हिरडीला जुनी ओळख पटली लगेच.

सकाळी तोंड लपवतच गेले.
दाऊदनं काही विचारलं नाही.
एक भोक दाखवलं, माझ्या तुकड्यातलं,
हात कोपरापर्यंत जाईल एवढं.
"एका दिवसाचं मुठीत बुजतं.
चार दिवसांचं टोपलीनं.
दोन आठवडे गेले
की तालुक्याला अर्ज करावा लागतो,
आणि साहेब येईतो भात खारं."
तो भोकाबद्दलच बोलत होता.
बहुतेक.

मी टोपली उचलली.

आज परत एकतीस.
रिसॉर्टवर दिव्यांच्या माळा चढल्यात,
पतसंस्थेचं नवं कॅलेंडर खिळ्याला टांगलंय,
फुली मारायला पेन शोधलं नाही.
डबी फळीवरच आहे.
तळाशी चिमूटभर उरलंय,
त्याचं काय करायचं ते ठरवलेलं नाही.

दाऊदचा गुडघा धरलाय यंदा,
उघाडीपुढचं मीच बघते.
आज ओहोटी साडेनऊच्या सुमाराला.
ते उलटे मोजायला लागतील
तेव्हा मी झोपलेली असेन
नखांत थोडा गाळ ठेवून.

उद्या सव्वादहा.