नंतरचं

डुलुथच्या चर्चचं तळघर. बाहेर उणे वीस.
ऑर्विल लिंडक्विस्ट भिंग पुढे सरकवतो.
टॅबिथाच्या सेंटवर
सालाच्या आकड्यांना सावली आहे.
"डबल आहे ना?"

तो नाणं दिव्याखाली कलतं करतो.
"सावली सपाट, पायरीसारखी.
म्हणजे साचा नुसता घसरला. रोजचंच.
साच्यावरच छाप दोनदा बसला असता
तर अक्षराचं टोक दुभंगतं,
हेरिंगच्या शेपटीसारखं."

दुसऱ्यावर ओरखडा.
तिसरं आगगाडीखाली चेपलेलं,
तिचं सगळ्यात लाडकं.
"हे नंतरचं, पोरी.
टांकसाळीबाहेर जे झालं
ते आपण धरत नाही."

ती त्याच्या अर्ध्या तर्जनीकडे बघत राहते.
एकतीस वर्षं प्रेसवर.

"हेही नंतरचंच," म्हणत
तो कॉफीचा थर्मास
उघडायला तिच्याकडे देतो.