देठ

कास्त्रोच्या इस्पितळात डॉक्टरीणबाईंनी
स्वतःचा अंगठा उभा धरून दाखवला :
मेंदूचा देठ. एवढाच असतो.
त्यात मसुराएवढी जागा रक्तावाचून सुकली.
एवढ्याशानं? मी म्हणालो.
सगळ्या तारा तिथूनच जातात, त्या म्हणाल्या.

एलिसेओ बार्रिआ, एकतीस वर्षं फेरीबोटीचा कप्तान,
त्याच्या डोळ्यांतलं डावं-उजवं गेलं.
डावा डोळा जागचा हलत नाही.
उजवा तेवढा बाहेरच्या अंगाला सरकतो
आणि तिथं पोचला की थरथरतो,
खुंट्याला ताणलेल्या दोरासारखा.
दोर मला ठाऊक आहेत.
अकरा वर्षं मी त्याच्याच बोटीचे फेकले.

बशी एक, दिसतात दोन.
नोल्फाही दोन.
"एक रांधेल, दुसरी भांडेल," तो जड जिभेनं म्हणाला.
तिला ते दुसऱ्यांदा सांगितल्यावर कळलं,
मग ती चुलीकडे तोंड करून
बराच वेळ लाकडं सारत राहिली.

हात कपाच्या पुढे जातो, मागे येतो,
पुन्हा पुढे,
आणि कप खाली.
चालतो तो पाय फाकून, भिंत चाचपत.
कोरड्या फरशीवर त्याला एकट्यालाच लाट लागते,
जो दक्षिणेच्या वादळातसुद्धा
कठडा न धरता उभा राहायचा.

बाजूला बघायचं तर सबंध मान फिरवतो,
दीपगृहासारखी, सावकाश.

वर-खाली मात्र शाबूत आहे.
ते कसं काय?
त्याचा कारभार वरच्या मजल्यावरून चालतो, बाई म्हणाल्या,
आग तिथवर गेली नाही.

म्हणून आता तो खिडकीत. एका डोळ्यावर पट्टी.
खाली घराचे लाकडी खांब चिखलात उभे,
भरती येते ती सरळ वर,
ओहोटी सरळ खाली,
दिवसातून दोनदा,
आणि एवढं त्याला पुरतं.

काल मी त्याच्याकडे बटाटे घेऊन गेलो,
खरं तर नव्या कप्तानाच्या चहाड्या करायला.
तो खांबावरच्या शिंपल्यांची रेघ बघत होता.
काहीतरी बोलला. साडेचार, असं ऐकू आलं,
आणि शेवटी घा, की खा, असलं काहीतरी.
मी हो म्हणालो.
पुन्हा विचारायची लाज वाटली.

साडेचारला आम्ही दोर सोडला.
धक्क्यापासून चाळीस हातांवर
बोट तळाला
घासली.