पारीवरची मोजणी

पारीवर उभं राहिलं की वारा आधी कानात शिरतो,
मग वहीत.
तीनशे बारापर्यंत आलो होतो मी
आणि पान उलटलं.

तलावाचं पाणी आज एका अंगाला ढकललेलं,
शिंगाड्याचे वेल काठाशी गोळा,
पलीकडे लाखोरीच्या बांध्यांत
पट्टेरी हंसांचा करडा थवा, वाऱ्याकडे तोंड करून.
थापटे वेगळे, तलवार-बदकं वेगळी;
चांदवे मी सोडून दिले.

झिबल मारबते डोंग्यातलं पाणी उपसत होता
टिनाच्या डब्यानं.
"मोजून का करता जी?" म्हणाला,
"मांगच्या साली एक लंगडा होता,
थो आला का, तेवढं पाहा."

दुर्बिणीला डोळा लावला.
डोळ्यातून पाणी, काचेवर धुकं,
मफलरानं पुसून पुन्हा.
हिमालय ओलांडून आलेले ते सगळेच्या सगळे
पौषाच्या थंडीत एक पाय पोटात घेऊन
एकाच पायावर उभे.

झिबलला काय सांगू?
"थांब," म्हटलं, "चालू तर देत."
त्यानं डबा खाली ठेवला.
डोंग्यात पाणी पुन्हा चढत राहिलं,
आम्ही दोघं तिकडेच बघत.